पहिला पाठ फसू द्या, दुसरा घेऊ द्या

प्रति,
मराठवाड्यातील बी.एड. आणि डी.एल.एड. महाविद्यालयांचे प्राचार्य व आंतरवासितेचं काम पाहणारे प्राध्यापक यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी तुमचे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारी मुलं-मुली, आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावरच्या सरावाला, आमच्या शाळांत येतात. येताना पाठाची आखणी लिहायची, कव्हर घातलेली टाचणवही, गुंडाळलेले तक्ते आणि थर्माकोलचं एखादं मॉडेल सोबत असतं. जाताना वही भरलेली असते, पानोपानी सह्या असतात, निरोपाच्या दिवशी शाळेला भिंतीवरचं एक घड्याळ मिळतं. शिकवणं मात्र बहुतेकांचं आले तेव्हा होतं तसंच राहतं. पत्र लिहायचं कारण एवढंच.

वेळ पुरत नाही असं म्हणायला जागा नाही. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमावलीत दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेसाठी ठेवले आहेत, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. सण, सुट्ट्या, परीक्षा वजा केल्या तरी सत्तर-ऐंशी दिवस हातात उरतात. ते जातात कुठे? छात्राध्यापक घराजवळची शाळा मागून घेतो, पुष्कळदा स्वतः शिकला तीच. शिकवण्याचा विषय (पद्धती) इतिहास असेल तर इतिहासच, आठवी 'अ', शांत वर्ग. पहिल्या आठवड्यात जमलेला पाठ सोळाव्या आठवड्यातही तसाच जमतो. मार्गदर्शक शिक्षकाला त्रास नाही, महाविद्यालयाकडे तक्रार नाही, गुणही चांगले पडतात. हल्ली याला कम्फर्ट झोन म्हणतात. पुढे नेमणूक होते तेव्हा शिक्षकभरतीचं पोर्टल कुणाचा कम्फर्ट झोन विचारत नाही. आठवी 'अ' वर वाढलेला शिक्षक किनवटच्या पाड्यावर नाहीतर धारूरच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत जाऊन पडतो.

आपल्याकडे पोरगं पोहायला शिकतं ते विहिरीत, पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून. डबा न बांधता शहाणा माणूस कुणाला ढकलत नाही, आणि डबा बांधून काठावरही बसवून ठेवत नाही. आंतरवासितेत या दोन्ही चुका होतात. काठावर बसवण्याची वर सांगितली. ढकलण्याची अशी: शाळेत एखादा शिक्षक रजेवर गेला की मुख्याध्यापक म्हणतात, "जा, सहावीवर बसा." समोर पन्नास पोरं, हातात टाचण नाही. डस्टर टेबलावर आपटून, धडा उतरवून घ्यायला लावून तास निघतो. तीन दिवसांत छात्राध्यापकाला कळतं की वर्ग सांभाळणं म्हणजे पोरांचे हात गुंतवून ठेवणं. ही खोड पुढे वीस वर्षं जात नाही. अनुभव अवघड असतो हे खरं, पण त्यातून शिकणं काहीच झालेलं नसतं. दोष आमच्याकडचाही आहे: रिकामा तास भरायला आणि ऑनलाइन माहिती भरायला आयता माणूस मिळाला की शाळा सोडत नाहीत.

औषध तुमच्याच अभ्यासक्रमात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. छोट्या पाठाच्या सरावाचं, म्हणजे सूक्ष्म अध्यापनाचं चक्र तुम्ही पहिल्याच सत्रात शिकवता: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुनर्पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. यातली खरी गोष्ट पुनर्पाठ, तोच पाठ पुन्हा घेणं. पण हे सगळं चालतं महाविद्यालयाच्या हॉलमध्ये, पाचवीची पोरं झालेल्या वर्गमित्रांसमोर. त्यांना उत्तर येत असतं आणि मैत्रिणीचा पाठ पडू नये म्हणून तेच हात वर करतात. तिथे चक्र पूर्ण होतं. खरी पोरं समोर आली की चक्रातले शेवटचे तीन भाग गळून पडतात. एक पाठ, एक सही. पुढचा पाठ, पुढची सही.

म्हणून पहिली मागणी: पाठांची संख्या निम्मी करा आणि प्रत्येक नवा पाठ दोनदा घ्यायला लावा. तुकड्या दोन असतील तर आज 'अ', उद्या 'ब'. एकच तुकडी असेल तर वर्ग दोन गटांत करा. मार्गदर्शक शिक्षक दुसरा गट सांभाळेल. लहान शाळेत तेही जमणार नाही, तिथे तोच घटक दुसऱ्या दिवशी वेगळ्या उदाहरणांनी घ्यावा. दोन पाठांमध्ये एक रात्र हवीच. प्रत्याभरण त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, वीस मिनिटं, आणि त्यात दोनच मुद्दे. सात मुद्दे सांगितले की पोरगं मान हलवतं आणि एकही दुरुस्त होत नाही.

दुसरी मागणी: एका वेळी एकच गोष्ट बदला. विषय, इयत्ता, मुलांची घरची भाषा आणि वर्गाची बैठक, या चारपैकी तीन ओळखीच्या राहू द्या. इतिहासवाल्याला एकदम तांड्यावरच्या दुसरीच्या गणितावर सोडलं तर पाठ फसतो आणि तो मनाशी धरून बसतो की गणित आपलं नाही. फसलेली असते भाषा. एकच गोष्ट बदललेली असली तर पाठ कशामुळे फसला हे बोट ठेवून दाखवता येतं, आणि दुसऱ्या पाठात तेवढंच दुरुस्त करता येतं.

आता विषय बदलायचाच तर तो कसा, हे जरा जवळून पाहू. कला शाखेच्या छात्राध्यापकाला दुसरीचं गणित द्यायचं म्हटलं की "दुसरीचंच ना?" असं उत्तर येतं. द्या. 'बावन्न' लिहा म्हटल्यावर बरीच मुलं २५ लिहितात. छात्राध्यापक "चूक, नीट लिही" म्हणतो, फळ्यावर ५२ काढतो, सगळे उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा २५. कारण 'बावन्न'मध्ये दोनाचा आवाज आधी येतो आणि पन्नासाचा मागून. तोंड एककापासून सुरू करतं, हात मात्र दशकापासून लिहितो. 'एकोणपन्नास'ची तऱ्हा त्याहून वाईट. कानावर पन्नास पडतं, मूल ५ काढतं आणि मग ५१ नाहीतर ५९ करून मोकळं होतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठ 'एकोण' आहेत, आणि नव्व्याण्णव ऐन शेवटी तो नियमही मोडतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' ही वाचनपद्धत आली तेव्हा टीव्हीवर त्याची भरपूर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी दुसरीच्या वर्गात किती जण बसले असतील, हा वेगळा प्रश्न. 'पन्नास दोन' आधी आणि 'बावन्न' त्याच्या जोडीने, असं चाललं की मूल अडत नाही.

साहित्यावर खर्च नाही. कडब्याच्या धाटांचे बोटभर तुकडे, दहा-दहाचा गठ्ठा, सुतळी नाहीतर रबर. पहिल्या पाठाला छात्राध्यापक शंभरेक काड्या आणतो आणि तिथेच फसतो. वीस मुलांच्या दहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला सहा गठ्ठे नि दहा सुट्या काड्या द्यायच्या म्हटल्या तर ७०० काड्या लागतात. आणलेल्या पुरत नाहीत, पोरं भांडतात, गठ्ठे बांधण्यातच पंचवीस मिनिटं जातात. दुसऱ्या पाठाला चार-चारांचे पाच गट, ३५० काड्या, गठ्ठे आदल्या संध्याकाळी बांधून तयार. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सांगून ठेवतो. छात्राध्यापक मुलासमोर उभा राहून पाच गठ्ठे स्वतःच्या डावीकडे मांडतो. मुलाला ते उजवीकडे दिसतात. मूल डावीकडून वाचतं: दोन, पाच. मुलाने बरोबर वाचलेलं असतं, मांडणीच उलटी असते. उपाय साधा: मुलाच्या शेजारी बसायचं, त्याच्याच बाजूने मांडायचं. 'एकोणपन्नास'साठी पाच गठ्ठे द्यायचे आणि एकच काडी काढायला सांगायची. मूल अडखळतं, कारण गठ्ठा सोडल्याशिवाय काडी निघत नाही. सोडला की चार गठ्ठे आणि नऊ सुट्या समोर दिसतात. मग लिहायला सांगायचं, आधी नाही. हाच सोडलेला गठ्ठा पुढे हातच्याच्या वजाबाकीत कामाला येतो.

बी.एड.वाल्यांनी हे आपलं नाही असं समजू नये. 'तीनशे पाच' ३००५ असं लिहिणारी मुलं आठवीतही भेटतात, आणि त्यांना बीजगणित शिकवायचं असतं.

भाषेचं तसंच. मराठवाडा म्हणजे मराठी असं धरून टाचण लिहिलं जातं. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, देगलूर-बिलोली-धर्माबादच्या पट्ट्यात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी, आणि तांड्यांवर बंजारा समाजाची गोरबोली. तांड्यावरच्या पोराच्या घरी आई 'याडी' असते आणि भाकरी 'बाटी'. ते वर्गात गप्प बसतं आणि छात्राध्यापक वहीत लिहितो: 'विद्यार्थी कच्चा आहे.' लातूरकडचं पोरगं मराठीच बोलत असतं, पण "सर, मी लिहिलालाव" म्हणाल्याबरोबर "'लिहीत आहे' म्हण" असं त्याला मध्येच तोडलं जातं. दोनदा तोडलं की तिसऱ्यांदा ते बोलत नाही. बोलणं तोडायचं नाही. त्याचं वाक्य संपू द्यायचं आणि आपण उत्तर देताना सहज म्हणायचं, "हां, लिहीत आहेस, किती ओळी झाल्या?" दुरुस्ती कानावर पडते, पोराचा चारचौघांत पाणउतारा होत नाही. लेखनात प्रमाण रूप मागायचं, तेही दुसऱ्या खर्ड्यात.

तांड्यावर जाणाऱ्याने पहिल्या दोन आठवड्यांत मुलांकडूनच चाळीस शब्द गोळा करावेत, दिवसाला चार. वहीच्या डाव्या बाजूला घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. तो शब्द उच्चारताना छात्राध्यापक चुकतो आणि पोरं खदखदून हसतात. इथे बरेच जण चिडतात नाहीतर वहीच बंद करतात. हसू द्यावं. मोठा माणूस आपल्यासमोर चुकतोय आणि तरी पुन्हा प्रयत्न करतोय हे पाहिलं की आठवडाभर गप्प असलेलं पोरगं तोंड उघडतं.

प्रश्न विचारून थांबणं ही आणखी एक न सोसणारी गोष्ट. मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या वर्गांत मोजून दाखवलं की प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला आमच्या मते पाच हवेत. ते आधी प्रश्न मनात फिरवून घेतं. पाच सेकंदांची शांतता नव्या माणसाला पाच मिनिटांसारखी वाटते, आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. हे सांगून कळत नाही, मोजून कळतं. निरीक्षकाने वर्गाची बैठक कागदावर काढावी, प्रत्येक प्रश्नापुढे किती सेकंद थांबला ते लिहावं आणि उत्तर देणाऱ्याच्या जागी रेघ मारावी. पाठ संपल्यावर तो कागद छात्राध्यापकाच्या हातात द्यायचा. पुढच्या दोन बाकांवर रेघांचा गठ्ठा आणि मागचा कोपरा कोरा दिसला की वेगळं काही बोलावं लागत नाही. निरीक्षकाने बसायचं कुठे हेही ठरवा. मागच्या बाकावर बसलं की छात्राध्यापक दिसतो आणि पोरांच्या पाठी. पुढच्या बाजूला, फळ्याच्या कडेला खुर्ची ठेवली तर पोरांचे चेहरे दिसतात. पाठ तिथे वाचायचा असतो.

बैठक बदलणं, म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेला जोडवर्ग. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत. म्हणजे वाडी-तांड्यावर एका खोलीत दोन-तीन इयत्ता हा अपवाद नाही. डी.एल.एड.च्या प्रत्येकाला असे सलग तीन आठवडे मिळालेच पाहिजेत. चूक ठरलेली असते. पहिलीला शिकवायला घेतलं, तिसरी-चौथीला "पानावरची गणितं सोडवा" सांगितलं. चार मिनिटांत हुशार पोरगं येतं, "सर, झालं." मग दुसरं, मग पाचवं. पहिलीचा पाठ तिथेच मोडतो. स्वतंत्र काम निवडताना तीन गोष्टी बघायच्या: ते किमान पंधरा मिनिटं चालेल का, संपलं हे मुलाला स्वतःला कळेल का, आणि विचारायला उठावं लागेल का. उदाहरणार्थ, ३६ चिंचोके द्या, सारख्या ओळींत जितक्या तऱ्हांनी मांडता येतील तितक्या मांडा, प्रत्येक मांडणी वहीत काढा. चौथीचं पोरगं यात गुणाकारही करतं आणि नऊ तऱ्हा मिळेपर्यंत उठत नाही. अडलं तर आधी दोन मित्रांना विचारायचं, मग सरांना, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. छात्राध्यापकाने भिंतीला पाठ टेकून बसावं आणि पहिलीला आपल्यासमोर बसवावं, म्हणजे त्यांच्या डोक्यांवरून सगळी खोली दिसते. फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की दोन इयत्ता पाठीमागे जातात.

ऊसतोडीच्या पट्ट्याबद्दल थोडं. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागांत दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर आजी-आजोबांकडे राहतात, काही आईबापांसोबत कोपीवर, उसाच्या फडावरच्या झोपडीत, जातात. नेमक्या त्याच महिन्यांत आंतरवासिता आली की महाविद्यालयाकडून निरोप येतो: पट कमी आहे, पाठ होणार नाहीत, शाळा बदलून द्या. कृपा करून बदलू नका. अर्धी रिकामी सतरंजी हाच तिथला पाठ आहे. वर्गात नऊच पोरं असली तर प्रत्येकाजवळ बसून कोण कुठे अडतं ते लिहायला एवढी सवड पुन्हा कधी मिळायची? परतलेल्या मुलाला मधल्या धड्यावर बसवलं की ते दोन दिवसांत शाळा टाळू लागतं. सगळ्यांसमोर फळ्यावर उभं केलं तर एकाच दिवसात. त्याऐवजी बाजूला, झाडाखाली, अर्धा तास: शंभरच्या आतले अंक, हातच्याची एक वजाबाकी, एक परिच्छेद वाचन, स्वतःची पाच वाक्यं. कोपीवर काय केलं हे विचारलं की पाच वाक्यं सहज निघतात. उसाची मोळी, टायरगाडी, काटा हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. जे आलं ते एका कागदावर लिहून वर्गशिक्षकाच्या हातात द्यायचं, एवढं काम.

पालकभेटीला सोयाबीन-कापसाच्या दिवसांत दुपारी जाऊ नये, घराला कुलूप असतं. संध्याकाळी, दोघांनी मिळून जावं. जाणाऱ्या छात्राध्यापिका असतील तर सोबत अंगणवाडीताई नाहीतर पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. हातात छापील प्रश्नावली नको. कागद दिसला की माणसं सरकारी उत्तरं देतात.

गुणांचं तुम्हीच बघा, कारण खरी मेख तिथे आहे. सोपा पाठ सफाईने घेणाऱ्याला २० पैकी १८ आणि अवघड पाठात अडखळणाऱ्याला ११ पडत असतील, तर शहाणं पोर सोपाच पाठ घेणार. आमची सूचना अशी: पहिल्या पाठाला ५, कुठे फसलं याच्या स्वतः लिहिलेल्या टिपणाला ५ आणि दुसऱ्या पाठाला १०. टिपणात 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता' असं वाक्य आलं तर शून्य. हे जरा कडक वाटेल, पण हे वाक्य आम्ही इतक्या वह्यांत वाचलंय की आता त्याखाली सही करताना पेन थांबतो.

लांबची शाळा द्यायची तर जाण्यायेण्याची जबाबदारी छात्राध्यापकाच्या गळ्यात टाकू नका. जोडीने पाठवा. शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा, आणि त्याप्रमाणे प्रत्याभरणाची वेळ ठरवा. तालुक्याहून पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे नको. भाड्याचा बोजा पडणार असेल तर तेच तीन आठवडे सलग ठेवून गावात राहायची सोय शाळा व्यवस्थापन समितीकडे मागता येते. बहुतेक गावं नाही म्हणत नाहीत.

आमच्याकडून एवढं: रजेवरच्या शिक्षकाचा तास आठवड्याला दोनच्या वर छात्राध्यापकाला देणार नाही, आणि न पाहिलेल्या पाठावर सही करणार नाही. यंदाची यादी पाठवताना प्रत्येक नावापुढे चार रकाने तेवढे भरून पाठवा: कोणता विषय येतो, कोणत्या इयत्तेची सवय आहे, घरी कोणती भाषा बोलली जाते, स्वतःचा तालुका कोणता. त्यातली कोणती एक गोष्ट आधी बदलायची ते आम्ही तुमच्याशी फोनवर ठरवू. यादी आंतरवासितेच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी हवी.

आपले,
छात्राध्यापकांना वर्ग देणारे मार्गदर्शक शिक्षक,
मराठवाडा

ता. क. टाचणवहीचं उजवं पान कोरं ठेवायला सांगा. दुसऱ्या पाठाचं टाचण वेगळं लिहायचं नाही. पहिल्यातलं जे बदललं तेवढंच समोरच्या पानावर, लाल पेनने, त्या त्या ओळीसमोर. ते पान कोरंच राहिलं तर दुसरा पाठ झालाच नाही असं धरा.